वडिलांची ट्रंक आणि मिरजेचे दप्तर

वडिलांचे वर्षश्राद्ध झाले आणि विश्रामबागेतील त्यांची खोली आवरण्याचे काम आम्हा दोघा भावंडांवर आले. कपडे, अंथरूण-पांघरूण, औषधे यांची व्यवस्था लावणे जड गेले नाही. जड गेली ती कॉटखालची पत्र्याची ट्रंक. तिच्यात वडिलांच्या शिक्षकी पेशातील दैनंदिन्या होत्या, एक बंद पडलेले घड्याळ होते, आईचे तांब्या-भांडे होते, सुतळीने बांधलेला आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा होता. आणि सर्वांत तळाशी, लाल फडक्यात बांधलेल्या, आजोबांच्या चार मोडी वह्या होत्या. आजोबा सांगलीत हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. वडिलांना मोडी येत नव्हती. तरीही २००५च्या महापुरात, आम्ही गावभागात राहत होतो तेव्हा, त्यांनी माडीवर सर्वांत आधी नेली ती ही ट्रंक. पुढे 'इथे कृष्णा येत नाही' एवढ्या एकाच कारणासाठी त्यांनी विश्रामबागेत घर घेतले.

ज्या वह्या स्वतःला वाचता येत नाहीत त्या माणूस आयुष्यभर का सांभाळतो? आणि ज्यांना त्या वाचता येत नाहीत अशा आम्ही त्यांचे काय करावे? हा प्रश्न आमच्या घरापुरता आहे असे प्रथम वाटले. विचार करू लागलो तसे ध्यानात आले की मराठ्यांच्या इतिहासाचा बराच मोठा भाग याच प्रश्नाच्या एका उत्तरावर उभा आहे. आणि ते उत्तर शोधणाऱ्यांपैकी एक जण आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर, याच सांगली-मिरज रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राहत होता.

वासुदेवशास्त्री खरे (१८५८-१९२४) मूळचे गुहागरचे. मिरजेच्या शाळेत ते संस्कृत शिकवीत. नाटके, काव्य, नाना फडणविसांचे चरित्र असे त्यांचे लेखन होतेच. पण त्यांचे नाव राहिले ते पटवर्धन सरदारांच्या दप्तरामुळे. रुमालांत बांधलेली ही पत्रे पिढ्यान्‌पिढ्या पडून होती. शास्त्रीबोवांनी ती सोडली, वाचली, लावली आणि १८९७पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने छापण्यास आरंभ केला. थोरल्या माधवरावांपासून दुसऱ्या बाजीरावापर्यंतच्या काळातील दक्षिणेच्या राजकारणाचा अभ्यास आजही या संग्रहावाचून होत नाही. ही पत्रे काही बखरकाराने इतिहास म्हणून लिहिलेली नव्हती. छावणीतून घरी आणि घरून छावणीत गेलेली ती पत्रे होती. मोहिमेच्या वार्तेशेजारी कोणाचे दुखणे, कोणाचे लग्न, सावकाराचा तगादा, हे सारे त्यांत येते. आपल्या वडिलांची पत्रे मुलांनी ठेवली, मुलांची नातवांनी ठेवली. त्यातून दप्तर झाले.

मात्र ती ठेवण्यामागे केवळ जिव्हाळा होता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. कागद हा हक्काचा पुरावा होता. सनद, वतनपत्र, निवाडपत्र हाती असेल तर जमीन हाती. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि ज्याला आपल्या इनामाचा आधार दाखविता येईना त्याच्या इनामावर गदा येऊ लागली. तेव्हा घरोघरचे पेटारे उघडले गेले. जुन्या कागदांविषयीची आस्था आणि धास्ती दोन्ही तेव्हा वाढली. पुढे संशोधक दारात आले तेव्हा अनेक घरांनी त्यांना दप्तर दाखविण्याचे नाकारले, यामागे ही धास्तीही होती: न जाणो, कागदातून एखादा भाऊबंद वर यायचा!

म्हणजे घरातील कागद तीन अवस्थांतून जातो असे आम्हांस दिसते. पहिली अवस्था उपयोगाची: पत्र आले, उत्तर गेले. दुसरी हक्काची: पत्र पुरावा म्हणून पेटाऱ्यात पडले. तिसरी आठवणीची: हक्क संपला, इनामे गेली, लिपी गेली, उरले ते 'आजोबांचे अक्षर'. आणि यांतली तिसरी अवस्था सर्वांत धोक्याची. उपयोगाचा कागद माणूस जपतो, हक्काचा तर जिवापाड जपतो. आठवणीचा कागद मात्र ज्याला ती आठवण आहे तेवढ्याच आयुष्यापुरता सुरक्षित असतो. तो माणूस गेला की कागद वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला जातो, बंबात जातो, नाही तर श्रद्धाळू घरांच्या रीतीप्रमाणे नदीत विसर्जित होतो. आमच्या सांगलीत नदी विसर्जनाची वाटही पाहत नाही. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजून गेली. किती घरांतल्या ट्रंका त्या आठवड्यात लगद्यासारख्या झाल्या याची मोजदाद कोण करणार?

दुसऱ्यांच्या घरचे कागद वाचविणाऱ्या संशोधकांच्या पश्चात त्यांच्या स्वतःच्या कागदांचे काय झाले, हे पाहणे बोधप्रद आहे. वासुदेवशास्त्री १९२४मध्ये वारले. दत्तात्रय बळवंत पारसनीस आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाडे दोघेही १९२६मध्ये. तीन वर्षांच्या आत मराठी इतिहाससंशोधनाचे तीन मोठे संग्राहक गेले आणि तिघांचा वारसा तीन निराळ्या वाटांनी चालला.

शास्त्रीबोवांचा वारसा मुलाकडे गेला. चिरंजीव यशवंतराव यांनी लेखसंग्रहाचे काम पुढे चालविले आणि वडिलांच्या मृत्यूनंतरचे भाग प्रसिद्ध केले. येथे मुलाला वडिलांकडून केवळ रुमाल मिळाले नाहीत, ते वाचण्याची विद्याही मिळाली. आमच्या मते हा फरक निर्णायक आहे.

पारसनीसांचा वारसा संस्थेकडे गेला. साताऱ्यात राहून त्यांनी जमविलेल्या संग्रहात नाना फडणविसांचे मेणवलीचे दप्तरही होते. त्यासाठी साताऱ्यास संग्रहालय उभे राहिले. पुढे १९३९मध्ये तो संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. कागद सुरक्षित राहिले, अभ्यासकांना उपलब्ध झाले. पण ज्या कृष्णाकाठच्या घरांतून ते निघाले होते त्यांच्यापासून दूर गेले. संस्थेच्या वारशाला ही किंमत असतेच.

राजवाड्यांचे प्रकरण सर्वांत विलक्षण. पत्नी तरुणपणीच वारली, त्यांनी पुन्हा लग्न केले नाही; घर असे राहिलेच नाही. गावोगाव पायी हिंडून दप्तरे मिळवायची, आणि मिळवलेल्याचे ओझे कोठे तरी ठेवून पुढे चालू लागायचे, असे ते आयुष्य. १९२६च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यास वारले. जानेवारी १९२७मध्ये, म्हणजे दोन आठवडेही उलटले नव्हते तोच, तेथील स्नेह्यांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. त्यांच्या मागे राहिलेल्या धातूंच्या आणि शब्दव्युत्पत्तीच्या टिपणांचे पुढे कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली कोश झाले. आम्ही एम.ए.ला हे कोश हाताळले होते. पण ते एका निपुत्रिक माणसाच्या मागे राहिलेल्या सामानाची आवराआवर करताना सिद्ध झाले आहेत, हे तेव्हा कधी मनात आले नव्हते.

पुत्र, संस्था, स्नेही. तिन्ही वाटांत एक गोष्ट समान आहे. मागे राहिलेले नुसते ठेवून कोणी थांबले नाही. कोणी तरी बसून ते वाचले. आमच्या वडिलांनी ठेवण्याचे काम निष्ठेने केले होते. वाचण्याचे काम त्यांनी आमच्यावर सोपविले होते की काय, हे विचारायला आता उशीर झाला आहे. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवितो. ज्ञानेश्वरीपासून नवकथेपर्यंत सर्व काही शिकवितो, आणि आमच्या सख्ख्या आजोबांचे मराठी आम्हांस वाचता येत नाही. १९५०च्या सुमारास मोडी शाळा-कचेऱ्यांतून गेली. त्या सोयीच्या निर्णयाविषयी आमची तक्रार नाही; पण एका पिढीत घरचे अक्षर परके होते म्हणजे काय, हे त्या लाल फडक्यासमोर बसल्यावर समजले.

कागदांविषयी इतके बोलताना आईचे तांब्या-भांडे विसरून चालणार नाही. बायकांची दप्तरे नसतात. लुगडी जुनी झाली की त्यांच्या गोधड्या होतात, गोधड्या विरल्या की पायपुसणी. राहतात ती भांडी. आणि आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची रीत आहे. कोणी दिले, कोणाला, कोणत्या प्रसंगाने, कोणत्या तारखेस, हे सारे ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत भांड्याच्या कडेला असते. ताम्रपटाहून हे वेगळे काय आहे? दाता, ग्रहीता, निमित्त, मिती, सर्व काही जागच्या जागी! फरक इतकाच की ताम्रपटाचे वाचन होते आणि भांड्याची मोड होते. आईच्या तांब्यावर तिचे माहेरचे नाव आहे. आमच्या घरात ते नाव लिहिलेली ही एवढीच वस्तू उरली आहे.

शेवटी आम्ही काय केले ते सांगतो, कारण वाचकांपैकी पुष्कळांवर ही वेळ आली असेल किंवा येईल. सर्व काही ठेवले नाही. विजेची बिले, पासबुके, निमंत्रणपत्रिका गेल्या; घड्याळ भाच्याला दिले. जे ठेवले त्या प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी लिहिली: हे काय आहे, कोणाचे, आमच्याकडे कसे आले, हे आम्हांस कोणाकडून कळले. दोन-चार ओळींची चिठ्ठी. पण जी वस्तू आमच्या मुलांना अडगळ वाटली असती, तिला या चिठ्ठीने निदान बोलता येईल.

मोडी वह्यांसाठी अक्षरओळखीचे पुस्तक आणले आणि सुटीत रोज तासभर बसलो. अक्षरे जुळू लागायला तीन आठवडे गेले. तीन वह्या अडतीच्या हिशेबाच्या निघाल्या, चौथी घरखर्चाची. १९४४च्या एका पानावर सुइणीस लुगडे, बाळंतिणीस डिंक आणि खारीक, आणि 'पुत्र जाहला' असे म्हणून गूळ वाटल्याचा खर्च आहे. साखर नव्हे, गूळ. युद्धकाळातील साखरेवरच्या नियंत्रणामुळे असावे. तो पुत्र म्हणजे आमचे वडील. आपल्या जन्माची नोंद ते साठ वर्षे न वाचता सांभाळीत होते आणि पुराच्या पाण्यातून माडीवर नेत होते.

आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा मात्र अजून सुटलेला नाही. ती आई-वडिलांची एकमेकांस लिहिलेली पत्रे आहेत, वडिलांची बदली परगावी झाली होती त्या वर्षांतली. लिपी देवनागरी, अक्षर ओळखीचे. वाचायला काहीच अडचण नाही. आणि तीच अडचण आहे. पटवर्धनांच्या घरची दुखणी-भांडणे आपण निःसंकोच वाचतो, कारण ती माणसे आपली कोणी लागत नाहीत. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, जे मागे राहिले ते वाचण्यासाठीच राहिले. नको असते तर त्यांनीच जाळले असते. दुसऱ्याचे म्हणणे, ठेवणे म्हणजे संमती नव्हे. एकमत झाले नाही. तेव्हा गठ्ठा कोऱ्या फडक्यात बांधला, वर नावे आणि वर्षे घातली, खाली लिहिले: 'वाचलेली नाहीत. नातवंडांनी ठरवावे.' आणि ट्रंक पुन्हा कॉटखाली सरकवली.