वळिवड्याची पोलिश वसाहत

महोत्सवाच्या वर्षीं आपण मागें वळून पाहतों, तें बहुधा आपल्याच घराचा पाया कोणीं घातला व देवळाच्या घंटेसाठीं कोणाच्या पदरचा पैसा खर्ची पडला, हें आठवण्यासाठीं. तें योग्यच आहे. परंतु आपल्या कुंपणापलीकडे घडलेल्या एखाद्या सत्कृत्याचीहि स्मृति अशा प्रसंगीं जागविली, तर महोत्सवाची शोभा वाढेल असें आम्हांस वाटतें. कोल्हापूर शहरापासून थोड्याच अंतरावर, मिरजेच्या आगगाडीच्या रस्त्यावर, वळिवडे नांवाचें गांव आहे. तेथें सन १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलें होतीं, आणि जवळजवळ सारे आपल्याच धर्माचे, म्हणजे कॅथॉलिक होते. युद्धानें ज्यांचें घर, गांव आणि देश हिरावून घेतला, त्यांस मराठी मुलखानें पांच वर्षें आसरा दिला. ही हकीकत आपल्या मुलाबाळांस ठाऊक असावी, म्हणून ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

१ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीनें पोलंडवर पश्चिमेकडून स्वारी केली, आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियाचें सैन्य पूर्वेकडून आंत शिरलें. दोहोंनीं मिळून तो देश वांटून घेतला. रशियाच्या वांट्यास आलेल्या पूर्वेकडील प्रांतांतून फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत चार मोठ्या खेपांत लोकांना हद्दपार करण्यांत आलें. रात्रीं-अपरात्रीं दारावर थाप पडे. घटकाभरांत जें हातीं लागेल तें बोचक्यांत बांधून निघावें लागे. मग मालगाडीच्या बंद डब्यांतून कित्येक आठवड्यांचा प्रवास, आणि शेवटीं सैबेरियाचीं अरण्यें, उत्तरेकडील अर्खांगेल्स्कचा मुलूख किंवा कझाकस्तानचीं ओसाड मैदानें. सोव्हिएत कागदपत्रांवरून ह्या हद्दपार केलेल्यांची संख्या तीन लक्षांहून अधिक भरते. पोलिश लोकांचे जुने अंदाज ह्याच्या कितीतरी पट आहेत. त्यांत शेतकरी होते, वनरक्षक होते, शिक्षक होते, सैनिकांच्या बायका होत्या, आणि अंगावरचीं लहान मुलेंहि होतीं. थंडी, उपासमार आणि रोगराई ह्यांनीं पुष्कळांचा अंत केला.

जून १९४१ मध्यें जर्मनीनें रशियावरच चाल केली, तेव्हां चक्र फिरलें. लंडनमधील परागंदा पोलिश सरकार व रशिया ह्यांच्यांत ३० जुलै १९४१ रोजीं करार झाला आणि हद्दपार पोलिश नागरिकांस मोकळीक मिळाली. सेनापति आंदर्स ह्यांच्या हाताखालीं रशियाच्या भूमीवरच पोलिश सेना उभारण्याचें ठरलें. ही वार्ता कानीं पडतांच दूरदूरच्या वस्त्यांतून माणसें दक्षिणेकडे निघालीं. सन १९४२ च्या वसंतांत आणि पुन्हा ऑगस्ट महिन्यांत, कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरांत सैनिक व नागरिक मिळून सुमारें १ लक्ष १५ हजार लोक उतरले. सैनिक पुढें रणांगणाकडे गेले. मागें राहिल्या त्या विधवा, वृद्ध आणि हजारों मुलें. त्यांतील कित्येकांस आपले आईबाप कोठें पुरले आहेत हेंहि सांगतां येत नव्हतें.

ह्या लोकांस कोणी ठेवून घ्यावें, हा प्रश्न तेव्हां उभा राहिला. पूर्व आफ्रिकेंत त्यांच्यासाठीं छावण्या बांधल्या गेल्या. मेक्सिकोनें कांहींना घेतलें. न्यूझीलंडनें सन १९४४ मध्यें ७३३ मुलांना जागा दिली. परंतु ह्या सर्वांच्या आधीं ज्यांनीं दार उघडलें त्यांत आपल्या देशाची गणना होते. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी हे त्या वेळीं नरेंद्रमंडळाचे चॅन्सेलर होते. त्यांनीं आपल्या संस्थानांत, जामनगरजवळ समुद्रकांठीं बालाचडी येथें, पोलिश मुलांसाठीं वसाहत उभारली. मुलांची पहिली तुकडी इराणांतून खुष्कीच्या मार्गानें हिंदुस्थानांत आली, ती आरंभीं मुंबईस आपल्या वांद्र्यांतच ठेवण्यांत आली होती, हें वांद्रेकर वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. तेथून सन १९४२ च्या पावसाळ्यांत तीं मुलें बालाचडीस गेलीं. जामसाहेबांस तीं ‘बापू’ म्हणत. स्वतः हिंदु असलेल्या ह्या राजानें मुलांच्या उपासनेची व्यवस्था त्यांच्या धर्माप्रमाणेंच ठेवली, आणि वसाहतीचा कारभार फादर फ्रांचिशेक प्लुता नांवाच्या पोलिश धर्मगुरूंच्या हातीं राहिला.

बालाचडी हें अनाथांचें घर होतें. वळिवडें हें एक गांवच होतें. इराणांतील कुटुंबें कराचीस जहाजानें येत, कराचीजवळील तात्पुरत्या छावणींत कांहीं काळ थांबत, आणि मग कोल्हापुरास पाठविलीं जात. कोल्हापूर संस्थानचे छत्रपति त्या वेळीं अल्पवयी होते. संस्थानच्या संमतीनें पंचगंगेच्या परिसरांतील हवाशीर जागा निवडण्यांत आली. लांबच लांब बरॅकी उठल्या. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, वर कौलारू छप्पर, आणि प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र बिऱ्हाड. स्वयंपाक ज्यानें त्यानें आपल्या घरीं करावयाचा, त्यासाठीं ठराविक भत्ता मिळे. मंदिर, इस्पितळ, नाट्यगृह, प्राथमिक शाळा आणि वरच्या वर्गांच्या शाळा, सारें कांहीं त्या वसाहतींत होतें. पुस्तकें अपुरीं होतीं, तेथें शिक्षकांनीं आपल्या स्मरणांतून धडे लिहून दिले. बालवीर व बालवीरांगनांचीं पथकें होतीं. नाताळच्या रात्रीं पोलिश भक्तिगीतें पंचगंगेच्या कांठीं घुमत. कोल्हापूरचे व्यापारी तेथें भाजीपाला व कापड विकावयास नेत, आणि मुलें त्यांच्याशीं मोडक्यातोडक्या मराठींत भाव करीत. कांहीं थोड्या पोलिश मुलींनीं पुढें हिंदी वर वरून येथेंच संसार थाटले.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या वर्षीं वळिवड्याची वसाहत वसली, त्याच सन १९४३ मध्यें बंगालमध्यें भीषण दुष्काळ पडला आणि लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. आदल्याच वर्षीं ‘चले जाव’ची चळवळ होऊन देशांतले पुढारी तुरुंगांत पडले होते. आपलाच देश परतंत्र आणि भुकेला असतां परक्यांस घांस कां द्यावा, असा प्रश्न आजहि कोणी करील. तो अयोग्य नाहीं, आणि बंगालच्या भुकेल्यांस जें मिळावयास हवें होतें तें मिळालें नाहीं हा त्या काळच्या राज्यकर्त्यांवरील डाग पुसतां येणार नाहीं. परंतु वळिवड्याच्या पोलिश लोकांनीं बंगालचा घांस हिरावला असें म्हणणें खरें होणार नाहीं. वळिवड्याचा खर्च मुख्यतः लंडनमधील पोलिश सरकार सोशीत होतें. बालाचडीच्या मुलांसाठीं हिंदी संस्थानांनीं व इतर दात्यांनीं निधि जमविला होता. कोल्हापूरनें जें दिलें तें पैशांत मोजतां येण्याजोगें नव्हतें. तें होतें जागा, पाणी, शेजार आणि अभय. जो स्वतः दुःखांत आहे त्यालाच दुसऱ्याच्या दुःखाची ओळख लवकर पटते. आणि एका संकटग्रस्ताला दिलेला आसरा हा दुसऱ्याचा अपहार नव्हे.

सन १९४५ मध्यें युद्ध संपलें. जगभर आनंदाच्या घंटा वाजल्या, परंतु वळिवड्यास त्या वार्तेनें काळजी पडली. ह्या लोकांचीं गांवें ज्या प्रांतांत होतीं, ते प्रांत आतां रशियाच्या सरहद्दीआड गेले होते. जुलै १९४५ मध्यें ब्रिटननें वॉर्सा येथील नव्या सरकारास मान्यता दिली, आणि लंडनमधील ज्या सरकारच्या आधारावर ही वसाहत चालत होती त्याची मान्यता गेली. पुढें निर्वासितांचा भार संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यसंस्थांनीं उचलला. परत जावें तर कोठें, आणि न जावें तर कोणत्या देशांत, ह्या विवंचनेंत तीन वर्षें गेलीं. बालाचडीची वसाहत सन १९४६ मध्यें बंद होऊन तेथें उरलेलीं मुलें वळिवड्यास आलीं. कांहीं कुटुंबें पोलंडांत परतलीं. बाकीचीं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, अमेरिका व कॅनडा अशा दिशांस पांगलीं. सन १९४८ च्या आरंभीं वसाहत रिकामी झाली.

तथापि त्या बरॅकी ओस पडल्या नाहींत. देशाची फाळणी होऊन सिंधमधून जे हिंदु निर्वासित आले, त्यांतील कित्येकांना ह्याच जागीं वसविण्यांत आलें. तेंच आजचें गांधीनगर. तेथील कापडाची बाजारपेठ आज दूरवर प्रसिद्ध आहे. ज्या कराचीच्या वाटेनें पोलिश मुलें वळिवड्यास आलीं, त्याच कराचीच्या मुलखांतून हाकललेल्यांनीं त्यांच्या रिकाम्या घरांत चूल पेटविली. एका राष्ट्राचे निर्वासित गेले आणि दुसऱ्याचे आले. छप्पर मात्र तेंच होतें.

पोलिश लोक हें विसरले नाहींत. कोल्हापूरच्या महावीर उद्यानांत त्यांनीं सन १९९८ मध्यें स्मारक उभारलें. येथें देह ठेवलेल्या त्यांच्या आप्तांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमींत आहेत. वॉर्सा शहरांत एका चौकास ‘भल्या महाराजांचा चौक’ असें नांव आहे, आणि तेथें जामसाहेबांचें स्मारक आहे. त्याच शहरांत कोल्हापूरचेंहि स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्यें भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें पुष्पचक्र वाहिलें. एवढ्या दूरच्या राजधानींत एका मराठी शहराचें नांव दगडावर कोरलें जावें, आणि तें कोणत्याहि विजयासाठीं नव्हे तर आतिथ्यासाठीं, ह्याहून मोठें भूषण कोणतें?

ह्या इतिहासापासून आपण काय घ्यावें? आम्हांस दोन गोष्टी दिसतात. पहिली ही कीं, साहाय्य म्हणजे केवळ धान्य व कांबळें नव्हे. वळिवड्यास त्या लोकांना त्यांची भाषा, त्यांची शाळा, त्यांची मिस्सा आणि आपला कारभार आपण करण्याची मोकळीक मिळाली. म्हणूनच दहा वर्षांच्या पोरक्या मुलांतून पुढें शिक्षक, डॉक्टर व कुटुंबवत्सल माणसें निपजलीं. ज्याचें सर्वस्व गेलें आहे त्याला भाकरीबरोबर मानहि लागतो. दुसरी गोष्ट ही कीं, साहाय्य टिकाऊ असावें लागतें. शुभवर्तमानांतील दयाळू शोमरोन्यानें जखमा बांधल्या एवढ्यावर तो थांबला नाहीं. त्यानें धर्मशाळेच्या मालकाला पैसे दिले आणि परत येण्याचें वचनहि दिलें. आपत्ति ताजी असतां सर्वांचेच हात पुढें येतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला, तेव्हां साऱ्या महाराष्ट्रांतून मदतीच्या गाड्या धांवल्या हें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें आहे. परंतु पोरक्या मुलाचें शिक्षण, विधवेचा उद्योग, पडलेलें घर हीं कामें पहिल्या महिन्यांत होत नाहींत. तीं पांच वर्षांचीं कामें आहेत, आणि वळिवडें पांच वर्षें चाललें.

वाचकहो, युद्धें थांबलेलीं नाहींत आणि पूर व भूकंपहि थांबणार नाहींत. महोत्सवासाठीं आपण देवळास रंग दिला, पताका लावल्या, हें ठीकच झालें. त्याबरोबर आपल्या धर्मग्रामानें संकटग्रस्तांसाठीं एक कायमची पेटी ठेवावी, आणि वर्षाच्या वर्षाला तिचा हिशेब सर्वांपुढें वाचावा, अशी आमची नम्र सूचना आहे. त्या पेटींतला पैसा कोणाच्या दारीं जाईल हें आज आपणांस ठाऊक नाहीं. वळिवड्याच्या शेतकऱ्यालाहि आपल्या शिवारांत कोण येऊन राहणार आहे हें ठाऊक नव्हतें. आलेल्यांची भाषा त्याला कळली नाहीं. त्यांची अडचण मात्र कळली, आणि तेवढें पुरेसें झालें.