भूवस्त्र : एक संज्ञा आणि पालघरचा लोहमार्ग

मुंबई, बडोदे व मध्य हिंदुस्थान रेल्वे कंपनीचा लोहमार्ग १८६४ साली गुजरातेतून मुंबईपर्यंत येऊन पोचला. वैतरणा ओलांडून सफाळे, पालघर, बोईसर, वाणगाव असा उत्तरेस जाणारा हा मार्ग डोंगर व खाडी यांच्या मधल्या सखल पट्टीतून जातो. पावसाचे पाणी मात्र पूर्वेकडील डोंगरांवरून पश्चिमेस समुद्राकडे धावते. म्हणजे मार्गाचा भराव पाण्याच्या वाटेस आडवा पडलेला आहे. या एका गोष्टीतून पुढील सर्व प्रश्न उद्भवतात.

पुलांपुरता प्रश्न कर्नल केनेडी यांच्या काळातच सुटला. खाड्यांतील मऊ गाळ भेदून लोखंडी मळसूत्री खांब खोल उतरविण्यात आले व त्यांवर तुळया ठेवण्यात आल्या. परंतु पुलापुलांमधील मातीच्या भरावास असा आधार देता येणे शक्य नव्हते. भिजलेल्या चिकणमातीवर चाकांचा भार पुनःपुन्हा पडला की मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढतो. पाणी बारीक माती घेऊन वर चढते आणि खडीच्या फटींत जाऊन बसते. खडीचा निचरा बंद होतो, ती खाली रुतते व रूळ समपातळीत राहत नाहीत. वरून नवी खडी ओतल्याने दोष तात्पुरता झाकला जातो, इतकेच.

दलदलीवर लोहमार्ग नेण्याचा प्रश्न त्याहीपूर्वी इंग्लंडात उपस्थित झाला होता. लिव्हरपूल–मँचेस्टर मार्ग (१८३०) बांधताना जॉर्ज स्टीफन्सन याने चॅट मॉसच्या दलदलीवर झाडोऱ्याचे व विणलेल्या काटक्यांचे थर अंथरून त्यांवर भराव घातला. १९२६ पासून अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात रस्त्याखाली सुती कापड घालून पाहण्यात आले; कापड कुजेपर्यंत त्याचा उपयोग झाला. न कुजणारा धागा मिळेपर्यंत ही कल्पना अडून राहिली. पॉलिप्रोपिलीन व पॉलिएस्टर यांनी ती उणीव भरून काढली.

येथे संज्ञेचा इतिहास महत्त्वाचा ठरतो. १९६६ साली बॅरेट यांनी सागरी बांधकामांतील अशा कापडांवर निबंध लिहिला, तेव्हा त्यांनी त्यांस प्लास्टिकच्या गाळण्या असे म्हटले. ‘जिओटेक्स्टाईल’ हा शब्द जे. पी. झिरू यांनी १९७७ च्या पॅरिस परिषदेच्या सुमारास रूढ केला. त्याचा पूर्वार्ध ग्रीक व उत्तरार्ध लॅटिन आहे; पण ते असो. जुने नाव वस्तूचे कार्य सांगत होते, नवे नाव तिचे स्थान व जात सांगते. मराठीत आपण नव्या नावाचे शब्दशः भाषांतर करून ‘भूवस्त्र’ केले. त्यात वस्त्र म्हणजे आच्छादन हा अर्थ आपोआप शिरला, व जमिनीवर कापड पांघरले की ती बळकट होते, असा समज त्यातून सहज होतो. तो घातक आहे. कापड पाणी जाऊ देते व मातीचे कण अडविते. खडी व माती यांस एकमेकींत मिसळू देत नाही. हेच त्याचे मुख्य काम होय. ते स्लीपरच्या फार जवळ घातल्यास खडी ठोकणाऱ्या यंत्राच्या दातांनी फाटते. छिद्रांचा आकार मातीशी जुळला नाही तर गाळाने बुजते. आणि पलीकडे पाण्यास वाट नसेल तर त्याचा काहीच उपयोग नाही.

ही शेवटची अट उत्तर कोकणाच्या शेतकऱ्यास शिकवावी लागली नसती. ठाणे-कुलाबा किनाऱ्यावरील खारजमिनी शिलोत्री बांधांनी राखलेल्या असत. त्या व्यवस्थेत बांधाइतकेच महत्त्व ‘उघाडी’ला होते. भरतीच्या वेळी मिटणारी व ओहोटीस उघडणारी ही वाट आतील पाणी बाहेर काढी. बांध आणि उघाडी ही जोडीनेच विचारात घेतली जात. यावरून आमच्या पूर्वजांस भूवस्त्र ठाऊक होते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ते त्यांस ठाऊक नव्हते. पाणी अडविणे व पाणी सोडणे ही एकच विद्या आहे, हे मात्र ठाऊक होते.

आज या पट्टीत भरावांची संख्या वाढत आहे. विरार–डहाणू चौपदरीकरणास २०१६ साली मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात मंजुरी मिळाली; पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गही याच जिल्ह्यातून जातो. लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत भरावाच्या थरांबरोबर अशा कापडांचाही विचार आहे. परंतु जुलै २०१८ मध्ये नालासोपारा-विरार भागात रूळच पाण्याखाली गेले, तेव्हा प्रश्न खडीखालच्या थराचा नव्हता, मार्गापलीकडे पाणी कोठे जाणार याचा होता. प्रत्येक नवा भराव जुन्या भरावाच्या मोऱ्यांशी आपल्या मोऱ्या जुळवितो की नाही, हे तपासणे कापडाच्या निवडीइतकेच आवश्यक आहे.

संज्ञेविषयी एक सूचना करावीशी वाटते. वैद्यकात ‘वस्त्रगाळ’ हा शब्द पूर्वीपासून रूढ आहे. तेथे बारीक चूर्ण खाली उतरते व भरड वर राहते. येथे बारीक कणही अडतात व केवळ पाणी जाते, एवढाच भेद. त्या धर्तीवर ‘गाळवस्त्र’ म्हणता येईल. गाळणे व गाळ हे दोन्ही अर्थ त्यात येतात, आणि या कापडाचा संबंध दोहोंशी आहे. मात्र जाळीदार प्रकारास हे नाव लागू पडणार नाही, कारण ती खडीस पकडून ठेवते, गाळीत नाही. तिला ‘भूजाल’ म्हणणेच योग्य.