होय-नाहीच्या रकान्याचा इतिहास

नोंद चालू की बंद, मंजूर की प्रलंबित, हे एका खुणेने टिपण्याची पद्धत संगणकाहून जुनी आहे. १८९०च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांसाठी दर माणसामागे एक पंचकार्ड असे. ठरलेल्या जागी भोक पाडले की लिंग, वैवाहिक स्थिती वगैरे नोंदले जाई. वाचताना भोकातून सुई खालच्या पाऱ्याच्या वाटीत उतरे, वीजमंडल पूर्ण होई आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके.

१९२८मध्ये आयबीएमने ८० रकान्यांचे कार्ड आणले. जागा एवढीच, म्हणून अवस्था एका अक्षरात किंवा अंकात कोंबायची सवय लागली. त्या अक्षराचा अर्थ मात्र कार्डावर नसे. कोबॉल भाषेत ८८ क्रमांकाच्या पातळीवर अशा मूल्याला नाव देण्याची उत्तम सोय झाली. पण ते नाव प्रोग्रॅममध्येच राही, माहितीबरोबर जात नसे.

१९७०मध्ये आयबीएमचे एडगर कॉड यांनी रिलेशनल मांडणी सुचवली. तिच्या धाटणीने विचार केला, तर अवस्थांची यादी हाच एक तक्ता होतो आणि मुख्य तक्ता फॉरेन कीने त्याला जोडला जातो. यादीबाहेरची अवस्था मग डेटाबेसच नाकारतो. व्यवहारात मात्र एका अक्षराचा 'वाय' किंवा 'एन' रकानाच चालत राहिला. १९८६च्या एसक्यूएल प्रमाणकात बुलियन, म्हणजे खरे-खोटे, असा प्रकार नव्हता. तो १९९९मध्ये आला आणि ओरॅकलच्या तक्त्यांत तर २०२३मध्ये. मायएसक्यूएलमध्ये बुलियन म्हणजे आजही एक छोटा पूर्णांकच.

खरे नुकसान रकान्यांच्या गर्दीने होते. ऑर्डरच्या तक्त्यात 'पैसे आले', 'माल निघाला', 'रद्द झाली' असे तीन फ्लॅग, म्हणजे होय-नाहीचे रकाने, ठेवले, की आठ जोड्या संभवतात. पैसे आले नाहीत, ऑर्डर रद्द झाली, तरी माल निघाला, अशी ओळही तक्ता मुकाट्याने साठवतो. ऑर्डर एका वेळी एकाच टप्प्यावर असेल, तर टप्प्याचा एकच रकाना हवा. फ्लॅगच्या या अडचणीत नलची, म्हणजे रिकाम्या मूल्याची, भर पडते: 'वाय नसलेल्या ओळी द्या' असे विचारले, तर रकाना रिकामा असलेल्या ओळी उत्तरात येतच नाहीत. नलशी केलेली तुलना खरीही ठरत नाही, खोटीही नाही. असा रकाना 'नॉट नल' ठेवणे म्हणूनच अत्यावश्यक.

फ्लॅगची दुसरी उणीव विस्मरणाची. 'रद्द' एवढे कळते. केव्हा, ते कळत नाही. त्यामुळे अनेक जाणकार फ्लॅगऐवजी रद्द झाल्याची तारीख-वेळ ठेवतात किंवा प्रत्येक बदलाची ओळ वेगळ्या इतिहास-तक्त्यात लिहितात. २०११च्या एसक्यूएल प्रमाणकाने हे काम डेटाबेसकडेच सोपवण्याची तरतूद केली: ओळ बदलली की जुनी आवृत्ती तिच्या कालावधीसह जपली जाते, आणि मागच्या एखाद्या दिवशी ऑर्डर कोणत्या टप्प्यावर होती, ते थेट विचारता येते.