सोयाबीनची पेंड आणि सॅल्मनचं आतडं

मत्स्यखाद्यातली वनस्पती प्रथिनं हा विषय घेणाऱ्यांचा पहिला प्रस्ताव बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. फिशमील इतके टक्के कमी, अमुक पेंड तितके टक्के जास्त, शेवटी वजन मोजा. हा साचा चुकीचा नाही, पण त्यात काय निसटतं ते इतिहासात दिसतं.

1970 साली पेरूच्या बोटींनी अँकोव्हेटा हा छोटा मासा 1 कोटी 20 लाख टनांहून जास्त पकडला. जवळजवळ सगळा सुकवून, दळून त्याचं फिशमील झालं. गंमत म्हणजे ते तेव्हा मुख्यतः कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जायचं. मग बेसुमार मासेमारी आणि 1972-73 चा एल निनो, दोन्ही एकत्र आले आणि मासा गायब झाला. फिशमील कडाडलं, त्यासोबत सोयाबीनही. जून 1973 मध्ये तर अमेरिकेनं सोयाबीनची निर्यातच काही काळ रोखली. म्हणजे पर्यायी प्रथिनांचा शोध आधी बाजारभावानं सुरू केला, पर्यावरणाची भाषा नंतर आली.

पुढे नॉर्वेत सॅल्मनपालन वाढलं. (आपल्याकडे रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, पण दोघांचं काही नातं नाही.) सॅल्मन मांसाहारी. 1990 मध्ये तिथल्या सॅल्मन खाद्यात सुमारे 90 टक्के घटक समुद्रातून आलेले होते. त्यात सोयाबीनची पेंड घातली तर काय होतं? व्हॅन डेन इंग आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये आतड्याचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवलं की आतड्याचा शेवटचा भाग बिघडतो.

1996 चा बेव्हरफ्योर्ड आणि क्रोगडाल यांचा पेपर मात्र जरूर वाचा. आतड्याच्या घड्या आखूड झाल्या, दाहपेशी शिरल्या, हे त्यांनी नोंदवलंच. पण शंका अशी, की मासा नवं खाद्य नीट खातच नसेल तर? नुसत्या उपासानंही आतडं बदलतंच की! म्हणून त्यांनी उपाशी ठेवलेल्या माशांची आतडीही तपासली. बदल वेगळे निघाले. शिवाय पुन्हा फिशमील दिल्यावर तीनेक आठवड्यांत आतडं पूर्ववत झालं. एवढ्या दोन तुलनांनी संशय सोयाबीनवर पक्का झाला.

पुढे बोट सॅपोनिनकडे गेलं. हे द्रव्य पेंड नुसती तापवून जात नाही, अल्कोहोलनं धुतली की बरंचसं निघतं. तसं धुतलेलं सोया प्रथिन महाग पडतं, पण सॅल्मनला चालतं. 2013 पर्यंत नॉर्वेच्या खाद्यात समुद्री घटक साधारण 30 टक्क्यांवर आले. त्यातलं बरंच सोया ब्राझीलचं, म्हणजे जंगलतोडीचा वाद मागोमाग आला.

आता आपल्या तळ्यांकडे या. रोहू-कटलाला भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची किंवा मोहरीची पेंड आपण पिढ्यान्‌पिढ्या घालतोय. मग कार्पला सोयाबीन निर्धास्त द्यावं? सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्पवर 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्यालाही पहिल्या आठवड्यांत आतड्याचा दाह झाला, पण तेच खाद्य चालू असताना तो ओसरायला लागला. सॅल्मनमध्ये असं होत नाही. तेव्हा तुमचा प्रयोग आठ आठवड्यांचा असेल आणि आतडं फक्त शेवटच्या दिवशी कापणार असाल, तर स्लाइड स्वच्छ दिसेल आणि मधला आजार कुठेच नोंदला जाणार नाही. नमुने पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्यातही घ्या, मासे त्या हिशोबानं जास्त सोडा.