फेसाळणाऱ्या पाण्याचा माग

१८१८ साली पॅरिसमध्ये लुई जाक तेनार या रसायनज्ञाने बेरियम पेरॉक्साइडवर आम्लाची क्रिया करून एक नवेच द्रव मिळवले. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला हा मनुष्य. द्रव दिसायला पाण्यासारखे, पण ऑक्सिजनचा एक जादा अणू पोटात बाळगणारे. त्यालाच आपण हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणतो. आमच्या शाळेच्या औषधपेटीत त्याची तपकिरी बाटली असते. खरचटलेल्या गुडघ्यावर ओतली की असा फेस येतो, की पोरगे रडायचे विसरते.

तेनारलाही फेसानेच भुलवले. चांदी, सोने, प्लॅटिनम यांची बारीक पूड टाकताच हे पाणी उसळे आणि धातू मात्र जसाच्या तसा उरे. माझ्या मते पुढच्या कथेचे बीज या पुडीत आहे.

मधला मोठा काळ आपण ओलांडू. १९६२ साली अमेरिकेत क्लार्क आणि लायन्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर विद्युदग्राशी, म्हणजे इलेक्ट्रोडशी जोडले. हे विकर रक्तातल्या साखरेवर काम करते तेव्हा पेरॉक्साइड तयार होते. १९७३ मध्ये गिलबॉल्ट आणि लुब्रानो यांनी प्लॅटिनमवर तेच मोजून साखरेचा अंदाज बांधला.

पण वाचकहो, मेख पुढेच आहे. प्लॅटिनमवर ही मोजणी करायला सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट लावावे लागतात. तेवढ्यावर रक्तातले क जीवनसत्त्व आणि युरिक आम्लही आपले इलेक्ट्रॉन देऊन बसतात. साखर आहे त्याहून जास्त दिसते, आणि त्या आकड्यावर कोणी इन्शुलिन टोचून घेतले तर जिवाशी गाठ!

उपाय सापडला तो चित्रकारांच्या पेटीत. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये निघालेल्या प्रशियन निळ्या रंगाचा थर विद्युदग्रावर दिला, तर पेरॉक्साइड शून्याच्या जवळपासच्या दाबावर ओळखता येते. १९९० नंतर मॉस्कोच्या कार्याकिन यांनी हे नेटाने दाखवून दिले. दुसरी वाट तेनारच्या पुडीची: मीटरचा शंभर कोटीवा भाग म्हणजे एक नॅनोमीटर, अशा मापाचे प्लॅटिनमचे, सोन्याचे कण विद्युदग्रावर पसरायचे. पृष्ठभाग वाढतो, अल्प पेरॉक्साइडही जाणवते. २००७ साली चिनी संशोधकांना लोहाच्या ऑक्साइडचे असले कण चक्क विकरासारखे वागताना आढळले.

‘नॅनो’ म्हटले की हल्ली लोक हुरळतात. रक्तातली प्रथिने या कणांवर साय धरावी तशी बसतात आणि मोजमाप मंदावते, त्यामुळे प्रयोगशाळेतले पुष्कळसे विद्युदग्र तिथेच राहिले आहेत. अंगाला चिकटवायच्या काही साखरमापकांत मात्र आजही प्लॅटिनमवर पेरॉक्साइडच मोजले जाते, वर झिरपणाऱ्या पडद्याचे पांघरूण घालून.