मराठी, तेलुगू, गोंडी एकाच संगणकावर : टर्मिनलवरून पॅकेज टाकणे आणि काढणे

आदिलाबाद : जिल्ह्यात एकाच टेबलावर तीन लिप्यांचे काम येऊ शकते. सरकारी अर्ज तेलुगूत, लग्नपत्रिका मराठीत, आणि तिसरी गुंजाला गोंडी. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावच्या हस्तलिखितांमुळे ही लिपी उजेडात आली, २०१८ मध्ये युनिकोडच्या ११व्या आवृत्तीत तिला जागा मिळाली. उबंटू किंवा डेबियनच्या संगणकावर अक्षरांऐवजी चौकोन दिसले, तर मशीन बिघडली असे नाही. बहुतेक वेळा त्या लिपीच्या फॉन्टचे पॅकेज टाकलेले नसते, एवढेच.

हे काम टर्मिनलवरून ‘ॲप्ट’ या आज्ञेने होते. इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरे वापरायची.

आधी ‘सुडो ॲप्ट अपडेट’. नावावरून वाटते तसे याने काहीच अद्ययावत होत नाही, फक्त कोणते पॅकेज कुठे मिळते याची यादी ताजी होते. मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ आणि पुढे पॅकेजचे नाव. देवनागरीसाठी ‘फॉन्ट्स-देवा’, तेलुगूसाठी ‘फॉन्ट्स-तेलू’, गुंजाला गोंडीसाठी ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’. छापील मराठी कागद स्कॅन करून त्यातला मजकूर काढायचा असेल तर ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’. श्रीलिपी किंवा अनूमध्ये केलेल्या जुन्या फाइली मात्र यातल्या कशानेही वाचता येणार नाहीत. त्या युनिकोडच्या नाहीत, त्यांचे रूपांतरच करावे लागते.

टाकणे सोपे आहे. लोक फसतात ते काढताना.

‘ॲप्ट रिमूव्ह’ पॅकेज काढते, पण ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या त्याच्या सेटिंग तशाच ठेवते. ‘ॲप्ट पर्ज’ त्याही पुसते. वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमधल्या फाइलींना दोन्ही हात लावत नाहीत. ‘ऑटोरिमूव्ह’ची गोष्ट वेगळी. ‘फॉन्ट्स-देवा’ हे स्वतः फॉन्ट नाही, ते नकुल, सहदेव, गार्गी यांसारखे फॉन्ट ओढून आणणारे गाठोडे आहे. गाठोडे काढले तरी आतले फॉन्ट जागेवरच राहतात. पण पुढे कधीतरी ‘ऑटोरिमूव्ह’ चालवले की त्यांना कोणी वाली उरलेला नसतो, आणि तेही जातात. हवा तो फॉन्ट आधीच ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ करून ठेवला की तो यातून वाचतो.

प्रत्येक वेळी ॲप्ट काय जाणार याची यादी दाखवून होकार मागते. तिथे ‘वाय’ मोठ्या लिपीत असतो, म्हणजे नुसते एंटर मारले तरी हो धरले जाते. घाईत इथेच घात होतो. २०२१ मध्ये यूट्यूबवरचे प्रसिद्ध लिनस सेबॅस्टियन पॉप ओएसवर स्टीम टाकायला गेले. पॅकेजांतल्या गोंधळामुळे ॲप्ट सगळा डेस्कटॉपच काढायला निघाले होते, इशाराही समोर होता. त्यांनी मागितलेले होकाराचे वाक्य टाइप केले आणि डेस्कटॉप गेला. त्यानंतर ॲप्टमध्ये हा दरवाजा आणखी घट्ट केला गेला.

खात्री नसेल तर आज्ञेत ‘डॅश एस’ घालायचे. मग सगळे नुसते दाखवले जाते, होत काही नाही. आणि झालेच नुकसान, तर ‘व्हार’मधल्या ‘लॉग’मध्ये ‘ॲप्ट’ फोल्डर आहे. त्यातल्या ‘हिस्टरी डॉट लॉग’ फाइलीत काय गेले ते तारीख-वेळेसह सापडते. ती नावे पाहून परत इन्स्टॉल करायचे.