हॉपचा माग: खडकी ते लाहौल

पोर्टर या गडद बिअरमध्ये भाजलेल्या माल्टचा वास बाकी सगळं झाकून टाकतो. हलक्या एलला असं पांघरूण नसतं. बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या हॉपची जात अनोळखी असेल तर पहिल्या घोटालाच कळतं. म्हणून नवं हॉप पारखायचं ते हलक्या एलमध्ये. पुण्यातल्या मायक्रोब्रुअरींमध्ये आज मोसंबीचा, पिकल्या आंब्याचा वास येणारी एल मिळते. त्यात फळ असतंच असं नाही. बऱ्याचदा तो वास सिट्रा, मोझॅइक अशा अमेरिकी हॉपचा असतो. एका वेलीच्या फुलांचा हा वास मुळा-मुठेच्या काठी पोचायला दोनशे वर्षं लागली.

पुण्यात बिअर छावणीबरोबर आली. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इथे गोऱ्या पलटणी कायमच्या राहिल्या आणि त्यांच्यासाठी विलायतेहून पिंपं येऊ लागली. साहेबाला पेल एल, सोजिराला पोर्टर. हिंदुस्थानच्या लांब प्रवासात टिकावी म्हणून कडू पेल एल मुद्दाम शोधून काढली, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. मला ती पुरती पटत नाही, कारण पोर्टरही त्याच जहाजांतून नीट पोचत होती. खरं आहे ते एवढंच, की जास्त हॉप घातलेली बिअर जास्त टिकते. हॉपमधली कडू आम्लं उकळताना रूप बदलतात आणि लॅक्टोबॅसिलससारख्या, बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूंची वाढ रोखतात. बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या जोगिणीने हॉपच्या कडूपणाने पेय टिकतं असं लिहून ठेवलं होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एच. जी. मीकिन या ब्रुअरने एडवर्ड डायरकडून शिमला आणि कसौलीच्या ब्रुअरी विकत घेतल्या आणि रानीखेत, दलहौसी, चक्राता, दार्जिलिंग व खडकी इथे आणखी काढल्या. या यादीत हिमालयाबाहेरचं एकच नाव आहे, खडकी. बाकी ठिकाणी डोंगराची थंडी होती. इथे होती ती मोठी छावणी, म्हणजे दारातलं गिऱ्हाईक.

खडकीच्या आसपास हॉपचा वेल मात्र लावता आला नसता. त्याला कडक हिवाळ्याची झोप लागते आणि उन्हाळ्यात लांबलचक दिवस. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो. एकोणिसाव्या शतकात काश्मीरमध्ये सोपोरजवळ दुबगामला हॉपची बाग झाली. पुढे हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात शेतकऱ्यांनी हे पीक घेतलं. तिथे प्रामुख्याने लेट क्लस्टर, गोल्डन क्लस्टर आणि हायब्रीड-२ या जाती लावल्या गेल्या. मग आयात हॉपपुढे भाव मिळेना, आणि कित्येक शेतं वाटाणा-फ्लॉवरकडे गेली.

हॉपच्या नव्या जातीचं स्वागत लगेच होतंच असं नाही. १९१६ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबाहून रानटी हॉपचं रोप इंग्लंडच्या वाय कॉलेजात प्राध्यापक अर्नेस्ट सॅमन यांच्याकडे आलं. त्याच्या वंशातून १९३४ साली ब्रुअर्स गोल्ड ही जात बाहेर आली. फगल आणि गोल्डिंगच्या सौम्य वासाला सरावलेल्या इंग्रज ब्रुअरांना या अमेरिकी वळणाच्या वासाचं वावडं होतं. आज तीच जात कितीतरी लोकप्रिय हॉपची पूर्वज आहे. अमेरिकेत १९७२ साली नाव मिळालेल्या कॅस्केडचंही तेच. १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने लिबर्टी एलमध्ये ते वापरलं, पुढे सिएरा नेवाडाच्या पेल एलने त्याचा ग्रेपफ्रूटसारखा वास घराघरात नेला.

ती घरं महत्त्वाची. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने अमेरिकेत घरगुती बिअरवरचा केंद्रीय कर उठला. इंग्लंडने १९६३ मध्येच घरगुती बिअरला परवान्यातून सोडलं होतं. मोठी कंपनी नव्या हॉपवर हजारो लिटर पणाला लावत नाही. वीस लिटरच्या भांड्याचा धनी लावतो. एक घाणा बिघडला तर बिघडला.

आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं कलम १२ परवान्याशिवाय मद्य बनवू देत नाही, मग ते स्वतःपुरतं का असेना. म्हणून पुण्याची ही कहाणी घरातून नाही, परवान्यातून सुरू झाली. २००९ मध्ये डूलालीने इथे महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी काढली, २०१४ मध्ये मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, नंतर ग्रेट स्टेट एल वर्क्सने कोकमाची एल काढून दाखवली. कोकणचं आमसूल एलमध्ये जातं, पण हॉप अजूनही बहुतेक परदेशातून, चांदीच्या पाकिटात हवाबंद होऊन येतं.

लाहौलचं हॉप पुण्याच्या हलक्या एलमध्ये कसं लागेल, हे पारखायला हवं. कडवटपणा थोडा राकट असेल, वास आंब्याचा नसेल. ब्रुअर्स गोल्डलाही लोकांनी आधी नाकच मुरडलं होतं. परवानाधारक ब्रुअरांनी तिथल्या शेतकऱ्यांकडून एखाद्या हंगामाचा माल घेऊन एक घाणा काढावा. आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाने विक्रीसाठी नसलेल्या, ठरावीक लिटरच्या घरगुती बिअरसाठी साधा, स्वस्त परवाना सुरू करावा.